सोपे झेल

चौथा झेलही सुटला. चेंडू कैलासच्या दोन्ही तळव्यांना लागला आणि गवतात घरंगळत गेला.

"हातांना घाई नको," हेमचंद्र म्हणाले. "डोळे चेंडूवर ठेव."

"हो सर. अजून एक टाका ना."

त्यांनी चेंडू पुन्हा उंच फेकला. सोनिवलीच्या नव्या इमारतींमागून ऊन नुकतेच मैदानावर उतरत होते. पाचवा झेल कैलासने पकडला. हेमचंद्रांनी टाळी वाजवली.

महिन्यापूर्वीच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात, कैलासच्या हातून असाच एक झेल सुटला होता. बदलापूर गावचा संघ हरला. ती चित्रफीत अजून मोबाइलवर फिरत होती. तिच्याखाली लोकांनी काय काय लिहिले असेल, हे कळायला हेमचंद्रांना ती उघडण्याची गरज नव्हती.

त्यानंतर आठवड्याभराने कैलासची आई बनूबाई वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी आली होती. सोफ्याच्या कडेला टेकून ती म्हणाली, "सायब, पोरगा दोन घास खात नाय. भिंतीकडं तोंड करून पडतो, कोणाशी बोलत नाय. तुम्ही त्याला मैदानात न्या. तुमचं ऐकल तो."

बोलताना ती हेमचंद्रांपेक्षा त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंकडेच अधिक पाहत होती. संकोच असावा, असे हेमचंद्रांना वाटले.

त्यांनी आधी नकार दिला. पण भिंतीकडे तोंड करून पडलेला तो मुलगा त्यांच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटाच्या तळातून बूट शोधून काढले आणि माळ्यावरून शौनकची किटबॅग उतरवली. शौनक, त्यांचा एकुलता एक मुलगा, याच संघाकडून गोलंदाजी करत असे. बॅगेत सात चेंडू होते.

त्या दिवसापासून रोज साडेसहाला ते मैदानावर जात. कैलास त्यांच्या आधीच आलेला असे. टी-शर्ट घामाने भिजलेला, गुडघ्यांना ताजी माती.

"पळत आलो सर," तो सांगे.

मोरिवलीच्या एका कारखान्यात हेमचंद्रांनी तीस वर्षे गुणवत्ता तपासणी अधिकारी म्हणून काढली होती. दोष हेरणारी त्यांची नजर अजून शाबूत होती. आठवडाभरात त्यांच्या लक्षात आले की, मागे धावत जाऊन किंवा झेप घेऊन पकडायचे अवघड झेल कैलास लीलया घेतो. सुटतात ते सोपे. आणि तेही बहुधा "आता पुरे" असे आपण म्हणण्याच्या बेतात असताना.

"त्याच्या हातात काही दोष नाही," जेवताना ते कुमुदिनीबाईंना म्हणाले. "मनात भीती बसली आहे. वेळ लागेल."

"लागू दे की," म्हणत कुमुदिनीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. बोलण्याच्या नादात त्यांनी ती खाल्लीही.

आज सराव संपल्यावर दोघे टपरीवर चहाला थांबले. तिथे बबन उभा होता. संघाचा एकही सामना त्याने आजवर चुकवला नव्हता.

"काय रे कैलास, चहाचा ग्लास तरी धरशील ना? का तो पण सोडतोस?"

दोघे-तिघे हसले. कैलासही हसला.

हेमचंद्रांनी आपला ग्लास फळीवर ठेवला.

"बबन, तू शौनकच्या सगळ्या मॅच बघितल्यास, नाही का?"

"सगळ्या सर! काय बॉलिंग होती त्याची!"

"शेवटच्या सीझनला त्याची लाइन बिघडली. तेव्हा तुम्ही असेच हसायचात. तोही हसायचा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, हसतोय म्हणजे बरा आहे. मी बाप होतो, मला कळलं नाही; मग तुला काय बोलू? पण याला हसू नकोस."

दोन वर्षांपूर्वी शौनकने स्वतःचे आयुष्य संपवले होते. तेव्हापासून हेमचंद्रांच्या तोंडून त्याचे नाव कुणी ऐकले नव्हते.

बबनने मान खाली घातली. "सॉरी सर. आपण मस्तीत बोलून जातो, डोक्यातच येत नाय." मग तो कैलासकडे वळला. "सॉरी भावा. संडेच्या मॅचला बिनधास्त खेळ. कोण काय बोललाच, तर मी आहे तिथं."

कैलासने नुसती मान हलवली आणि बाहीने तोंड पुसले.

इमारतीच्या फाटकापाशी हेमचंद्र थांबले. "रविवारी उतरशील ना?"

"तुम्ही बघायला आलात, तर उतरेन."

सीमारेषेपाशी उभे राहून सामना पाहण्याचे दिवस हेमचंद्रांनी कधीच मिटून ठेवले होते. ते किटबॅगचा पट्टा खांद्यावर सारखा करत राहिले.

"येईन," अखेर ते म्हणाले. "पण उद्या साडेसहाला हजर राहा. सोप्या कॅचवर अजून बरंच काम बाकी आहे."

"हो सर."

जिना चढताना ते मध्येच वळले. "आणि कैलास, जेवत जा रे नीट."

कैलास रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याचा फोन वाजला. पलीकडे कुमुदिनीबाई होत्या.

"हे अंघोळीला गेलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज स्वतःहून पोहे मागितले. किती सोडलेस रे?"

"चार, काकू. उद्या तीन सोडतो. एकदम सगळे पकडले, तर सर परत भिंतीकडं तोंड करून पडतील."