धवल्यांची फाईल

मानपाड्याच्या तुळसाबाई म्हात्रे या गावातल्या शेवटच्या धवलारीण. त्यांच्यानंतर लग्नाचे धवले गाणारे कोणी उरले नव्हते. म्हणून संस्कृत-मराठीचे निवृत्त शिक्षक मोघे मास्तर यांनी ते तुळसाबाईंच्या बोलीत जसेच्या तसे उतरवून घेण्याचा संकल्प केला होता. परंतु त्यांनी श्रद्धेने ‘पानी’ लिहावे, तर संगणकाने तत्परतेने त्याचे ‘पाणी’ करावे; ‘कलशी’ लिहावी, तर तिची ‘कळशी’ व्हावी. तीन दिवसांत एकही धवला धड उतरला नाही.

“या यंत्राला शुद्धलेखनाचे वेड लागले आहे,” मास्तर वैतागून म्हणाले.

“सर, तुमच्या बाकीच्या फायलींना तपासणी राहू दे,” तुळसाबाईंची नात जागृती हसत म्हणाली. “फक्त धवल्यांच्या फाईलपुरती ती बंद करते. झालं बघा.”

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तुळसाबाईंना हळदीचा धवला म्हणण्याची विनंती केली. बाईंनी डोळे मिटून सूर लावला. पहिल्याच ओळीत स्वच्छ, ठसठशीत ‘हळद’ उमटली.

“अहो, पण तुमच्याकडे ‘हलद’ म्हणतात ना?” मास्तर कळवळून म्हणाले.

 

“म्हनाचो,” तुळसाबाई म्हणाल्या, “पन माज्या पोराला, सुदेशला, तुम्ही शालेत ह्यो शबुद शंभर वेला लिवाला लावलेला, मास्तर, तवा त्याचे संगती मी पन शिकले.”