उद्घाटन बाकी

दहाच्या सुमाराला जनकाबाई ग्रामपंचायतीत शिरली ती थेट गजेंद्रच्या टेबलापुढे. मोबाईल त्याच्यासमोर धरला. मोबाईलमध्ये तिचाच फोटो. पहाटेची वेळ, नाल्याकाठी बसलेली, बाजूला डबा आणि बॅटरीच्या झोतात तोंड अगदी लख्ख.

खाली लिहिलेलं, 'गुड मॉर्निंग पथकाची धडक कारवाई'. धडक म्हणे! साठीची बाई लुगडं सावरत उठायला धडपडत होती आणि चार धट्टेकट्टे गडी तिच्यावर बॅटरी मारून उभे होते. पथकाचा पुढारी हाच, पंचायतीचा मेंबर. फोटो त्यानंच काढला, गावाच्या ग्रुपवर त्यानंच टाकला.

गजेंद्र म्हणाला, एवढं काय मनावर घेता काकू, ग्रुपवर सगळी आपल्याच गावची माणसं आहेत. आणि फोटो तर डिलीटपण केला.

"मंग हा कुठून आला?" जनकाबाई म्हणाली. "मलकापुरून आला. अश्विनीनं धाडला. तिच्या सासऱ्याच्या मोबाईलात होता. पोरगी सकाळपासून रडून राह्यली माही."

गजेंद्र कागद चाळू लागला.

जनकाबाईनं सकाळीच ग्रुपवर बोलून पाठवायचं ठरवलं होतं, की चौकातला बायकांचा संडास दिवाळीत बांधून झाला, त्याला अजून कुलूप काऊन? पण तोवर यानं ग्रुपलाच कुलूप घातलं. आता म्हणे फक्त ॲडमिननं लिहायचं. वा रे ॲडमिन! बाईला साऱ्या दुनियेनं पाहावं, बाईनं मात्र तोंड उघडू नये.

तिनं ते आता तोंडावर विचारलं. गजेंद्र म्हणाला, उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळत नाही, त्याआधी उघडता येत नाही. किल्ली त्याच्या डोक्यामागं खिळ्याला लटकत होती. तिला लाल रिबीनसुद्धा बांधून ठेवलेली.

जनकाबाईनं हात लांबवून ती काढली आणि चालू लागली. गजेंद्र मागं धावला, काकू काकू करत. चौकात भाजी विकणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

कुलूप गंजलं होतं. दोन हिसके दिले तेव्हा कुठं निघालं. जनकाबाईनं दार सताड उघडलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबऱ्यात उभी राहून गजेंद्रकडं तोंड केलं.

"काढ आता फोटो," ती म्हणाली. "अन् धाड मलकापूरले."