बत्तीस दात

तिसऱ्या वळणावरच तिला धाप लागली. सायकल वडिलांची होती. दोघांनी एकाच दिवशी घेतलेली, अगदी एकसारखी जोडी. तिची आज घरीच होती.

सातव्या वळणावर, कठड्यापाशी, महिन्यापूर्वी ते कोसळले होते. तिथपर्यंत जायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. पाय ऐकेनात. महिनाभर सराव नाही, असं स्वतःला बजावून तिनं सायकल वळवली.

घाटाच्या पायथ्याशी मिस्त्रीचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी, घाट चढून गेल्यावर बाबा बराच वेळ धापा टाकू लागले तेव्हा, तिनंच त्याला गुपचूप सांगितलं होतं, बाबांच्या मागच्या चाकाला बत्तीस दातांचं फ्रीव्हील बसवा. दात जास्त की चढ हलका. “त्यांच्या तोंडात उरले नाहीत तेवढे,” मिस्त्री हसला होता.

पुढच्याच रविवारी बाबा छाती काढून म्हणाले, “बघ, म्हातारा अजून शाबूत आहे.”

मग ते बुधवारीही एकटेच सरावाला जाऊ लागले. अशाच एका बुधवारी गेले. तिनं दिलेल्या खोट्या बळावर. आई म्हणायची, तुझ्यामुळे त्यांची शेवटची दोन वर्षं मजेत गेली. तेव्हा ती ताटावरून उठून जाई.

तिचं स्वतःचं मात्र त्या दोन वर्षांत बरंच सुधारलं होतं. आधी तीच मागे पडायची. नंतर प्रत्येक वळणावर थांबून त्यांना चिडवायची, सावकाश या, घाट कुठे पळून जात नाही. ते नुसते हसायचे. शनिवारी दोन्ही सायकली तेच पुसत, तेलपाणी करत. तिला हात लावू देत नसत.

मिस्त्रीनं सायकल उलटी उभी केली.

“काका, ते मोठं फ्रीव्हील काढून टाका,” ती म्हणाली. “मी फसवलं त्यांना. माझ्यामुळे गेले ते.”

मिस्त्री फडक्याला हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

“हे पंचवीसचं आहे, पोरी. त्यांचं जुनंच. तू बसवून नेलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आले. म्हणाले, काढ हे, आणि तिला बोलू नकोस.”

“मग ते बत्तीसचं कुठे आहे?”

“तुझ्या सायकलला.”