दोन ताटांतला गर

खरेदीदाराने काजूगराची दोन ताटं टेबलावर ठेवली आणि त्यांच्याखाली एकेक बंद चिठ्ठी सरकवली. एक ताट या कारखान्याचं, दुसरं समुद्रापलीकडच्या स्पर्धकाचं. भाव दोघांचा सारखाच. ज्याचा माल सरस, त्याला वर्षभराची मागणी. ती हातची गेली तर कारखाना हंगामाआधीच बंद पडणार, हे कामावरच्या चाळीसही बायकांना ठाऊक होतं.

निवड मावशींनी करायची, ही खरेदीदाराचीच अट. मावशी प्रतवारीच्या मुख्य. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मालाला वास येतोय म्हणून त्यांनी एकदा आपल्याच कारखान्याचा भरलेला कंटेनर बंदरावरून परत आणवला होता. मालक महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पुढे त्याच गोष्टीची फुशारकी तेच चारचौघांत मारू लागले.

चार वर्षांपूर्वी सोलाईची यंत्रं आली. स्पर्धेत टिकायचं तर किलोमागचा खर्च उतरवा, असा मालकांचा धोशा होता. कामावरून काढायच्या, कमी वेगाच्या बारा जणींची यादी मावशींनी केली आणि मालकांनी न वाचताच सही ठोकली. यादीवर एकाही बाईने बोट ठेवलं नाही. यंत्रांनी वेग दिला, पण तुकडेही तेवढेच दिले. अख्खा गर घटत गेला आणि जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली.

आत येण्याआधी मालकांनी मावशींना जिन्यात गाठलं होतं. आपला माल तुम्ही डोळे मिटूनही ओळखाल, बाकी तुम्हाला सांगायला नको, एवढंच ते म्हणाले.

मावशींनी पहिल्या ताटातला मूठभर गर उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग दुसऱ्या ताटातला एक गर चिमटीत धरून उजेडात फिरवला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. चौथा उलटून पाहिला. त्यांनी खुर्ची ओढली आणि पाणी मागितलं.

"हा सरस," मावशी दुसऱ्या ताटाकडे बोट दाखवत म्हणाल्या.

चिठ्ठी निघाली स्पर्धकाची. खरेदीदाराने मावशींना नमस्कार केला, मालकांशी दोन शब्द बोलला आणि निघून गेला.

मालकांनी दोन्ही ताटं जवळ ओढली. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"आपला कुठला, ते कळलं नाही का मावशी?"

"पहिल्या मुठीतच कळलं."

"चाळीस घरं आहेत हो."

"एक्केचाळिसावं माझं. पण तो माल खरंच सरस आहे, मालक."

मालकांनी मान हलवली. तेही जन्मभर काजूतच वाढलेले, त्यांनाही ते दिसत होतं. असे हात त्या लोकांना मिळाले तरी कुठून, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

"इथूनच," मावशी म्हणाल्या. "डाव्या हाताने, पाठीकडून साल काढलीय. सुरीचा ओरखडा उलट्या बाजूला आहे बघा. असं सोलायला मी एकीलाच शिकवलं होतं. वेळ लागायचा तिला, पण गर कधी मोडला नाही."

"कोण ती?"

"तुम्ही सही केलीत त्या यादीतलं पहिलं नाव. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, म्हणून आधी माझ्या लेकीचंच लिहिलं होतं."