तिसरी हाक

कलकत्त्याच्या एका दुर्गापूजा विशेषांकासाठी निरुपमने निशीची गोष्ट लिहिली होती. निशी म्हणजे ओळखीच्या आवाजात बोलावून नेणारं भूत. ते दोनदाच हाक मारतं, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आईने लहानपणीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. ती स्वतःही त्याला 'बुबाई' या लाडक्या नावाने कायम तीनदा हाक मारायची.

संपादक शुभ्रादी फोनवर म्हणाल्या, "शेवटची तिसरी हाक काढून टाक बाबा. दोनच ठेव आणि खाली अर्धं पान कोरं सोड."

"वाचकाला कळेल का, शुभ्रादी?"

"कळायला कशाला हवं? बसू दे की कान टवकारून!"

निरुपमने ती ओळ खोडली, तोच आतल्या खोलीतून आईची हाक आली, "बुबाई!" थोड्या वेळाने पुन्हा, जरा खोल गेलेली, "बुबाई..." पन्नाशीतल्या निरुपमला हसू आलं. सवयीने तो तिसऱ्या हाकेची वाट पाहत थांबला.

&nbsp;

&nbsp;

त्या कोऱ्या जागेने अंगावर काटा आला, असं वाचक अजून कळवतात. आई त्याच जागेत, तिसरी हाक मारण्याआधीच गेली, हे निरुपमने कुणालाच सांगितलेलं नाही.