सुळक्यातली हाक

वत्सलाने सुळक्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. वाळू थोपवायला सोडलेल्या जिवाणूंनी वाळवंटात असे वेडेवाकडे सुळके उभे केले होते. त्यांच्यावर रोज खडकाचा नवा थर चढे, आणि सुकताना भोवतालचे आवाज त्यात कोरले जात. संशोधक मृण्मयी केतकर ते यंत्र लावून वाचत असे.

"हरेश्वर याच्याच पायथ्याशी सापडले होते," मृण्मयी म्हणाली. "नक्की ऐकायचंय ना?"

वत्सलाने मान हलवली. तिचा पहिला नवरा हरेश्वर इथे वादळात जागच्या जागी गेला, असं त्याचा सोबती सदाशिव याने सांगितलं होतं. पुढे तिने सदाशिवशीच लग्न केलं. आत्ता तो खाली जीपपाशी त्यांच्या मुलीला खेळवत होता.

यंत्रातून आधी नुसता वारा आला. मग हरेश्वर कण्हला. "सदा, पाय मोडलाय. उचल मला."

"पाणी एकालाच पुरेल," सदाशिवचा आवाज म्हणाला. "वत्सलाला मी सांभाळीन."

त्यानंतर हरेश्वर हाका मारत राहिला. थरामागून थर, फक्त तिचं नाव.

खाली मुलगी बापाच्या खांद्यावर बसून खिदळत होती.

"हे आणखी कुणी ऐकलंय?" वत्सलाने विचारलं.

"नाही. मीही आत्ताच ऐकतेय. पोलिसांना कळवायचं तर..."

वत्सलाने नमुने फोडायचा हातोडा उचलला. हरेश्वर तिला हाक मारत होता आणि ती घाव घालत होती. सुळका कोसळला तेव्हा तिचं नाव अर्ध्यातच तुटलं.