गच्चीवरची टाकी

"टाकी कुणी हलवली?" नवरा गच्चीवरून ओरडला.

"मी," तिनं खालून सांगितलं. "पाणी नुसतं उकळायचं उन्हात. प्लंबरला सांगून सावलीत सरकवली. बिघडलं कुठं?"

तो धावत खाली आला. चेहरा असा, की जणू घर लुटलं गेलंय. मग कॅमेरा घेऊन पुन्हा वर गेला. तिची खात्रीच पटली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कित्येक महिने हेच चाललं होतं. नवरा क्षेपणास्त्रं बनवणारा इंजिनिअर. कामाबद्दल ताकास तूर लागू द्यायचा नाही, याची तिला सवय होती. पण आता घराबद्दलही तेच? सकाळच्या उन्हात घराचे फोटो, भर दुपारी फोटो, ढग आले की फोटो. समोरच्या उंच इमारतीवर चढून फोटो. एकदा तर टेप लावून गच्चीची मापंही काढली. तिनं रंगाचा विषय काढला, तर म्हणे, "इतक्यात घराला हात लावू नकोस." बरोबरच आहे. विकायच्या घराला कोण कशाला रंग देईल?

घर तिच्या बाबांनी बांधलेलं. जाताना तिच्या नावावर करून गेले. पायरीची एक फरशी वाकडी होती, पण ती बाबांनी स्वतः बसवलेली, म्हणून तिनं कुणाला बदलू दिली नव्हती. भाऊ वकील. तो म्हणाला होता, "तुझ्या सहीशिवाय काही होत नाही. फक्त न वाचता सही करू नकोस." तेव्हापासून ती गॅसच्या पावतीवरही दोनदा वाचून सही करायची.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून आला तो शीळ वाजवतच. सौदा ठरला तर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती आले घराचे?"

"घर? मी विकतोय?" तो हसत सुटला. मग उठून त्यानं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"सांगू नये, पण ऐक. आमचं नवं क्षेपणास्त्र विमानासारखं जमिनीलगत जातं, शेकडो मैल. खालच्या डोंगरदऱ्या नकाशाशी ताडत. शेवटी समोरची इमारत फोटोशी जुळवतं आणि घुसतं. हे शिकवायला एक इमारत लागते, सगळ्या बाजूंनी, सगळ्या उन्हांत. शत्रू कुठला असे फोटो काढू देतो? म्हणून मी आपलं घर दिलं." त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "ते आपलं घर टाकीवरून ओळखायचं. काल टाकी हलली, मला वाटलं संपलं सगळं. पण आज कालचे नवे फोटो घालून कॉम्प्युटरवर उडवलं, तर टाकी जागेवर नसतानाही बरोबर या खिडकीतून आत!"

ती खिडकीकडे बघत राहिली.

"आता काम झालं. मग आपलं घर पुसून टाकणार ना त्यातून?"

"पुसायचं कशाला? पहिला धडा आहे तो त्याचा. एवढं पक्कं दुसरं काहीच येत नाही त्याला."

तिला भीती वाटली. नवऱ्याची वाटली, त्याच्या आनंदाची जास्त वाटली. तिनं फोन उचलून भावाला लावला.

"दादा, कागद तयार कर. घर विकायचंय."